रेडवुडमधल्या दहा वस्त्या: सांता क्रूझच्या विद्यापीठात

भाचीकडे सनीव्हेलला येणारी मंडळी सॅन फ्रान्सिस्कोचा पूल बघतात, योसेमिटीला जातात, फार तर नापाला. मी मात्र तिला निघायच्या आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की मला कॅलिफोर्निया विद्यापीठाचा सांता क्रूझ कॅम्पस बघायचाय, आणि गाडीच्या काचेतून नाही, पायी. माझी नोकरीतली बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून गेली. पाण्याची टाकी, मेसची बिलं, रात्रीची हजेरी यातच दिवस संपायचा, पण मनात एक प्रश्न कायम असायचा. सरकारी विद्यापीठात हजारो मुलं येतात. ती नुसती खोली घेऊन न राहता एकमेकांची होतील, अशी राहायची जागा बांधता येते का? सांता क्रूझला १९६५ साली एक अख्खं विद्यापीठच या प्रश्नावर उभं राहिलं. आमची ही फेरी एप्रिल २०१८ मधली. तेव्हाच्या टिपणांवरून लिहिते आहे. नंतर जे बदललं ते त्या त्या ठिकाणी सांगते.

गुरुवार

ऑफिसच्या गर्दीची वेळ टाळून निघालो. लॉस गॅटोस मागे पडलं की हायवे १७ डोंगरात शिरतो. वळणं फार घट्ट आहेत, त्यामुळे भाचीशी बोलणं मी आवरतं घेतलं. डोंगर उतरला की हवेत समुद्र जाणवायला लागतो.

कॅम्पसचं मुख्य प्रवेशद्वार गावाच्या वरच्या अंगाला आहे. आत शिरल्यावर आधी दिसतात त्या चुन्याच्या दगडी भट्ट्या. एकोणिसाव्या शतकात इथला खडक फोडून, भाजून चुना काढत आणि तो जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला जाई. हेन्री कॉवेल १८६५ मध्ये या धंद्यात शिरला आणि पुढे सगळा मुलूख त्याच्या घराण्याकडे आला. भट्ट्यांच्या जळणासाठी डोंगरावरचे रेडवुड सरसकट तोडले गेले. आज कॅम्पसवर जे उंच रेडवुड दिसतात ते बहुतेक त्या तोडीनंतर बुंध्यांतून पुन्हा फुटलेले, म्हणून जागोजागी ते जुन्या खोडाभोवती रिंगण धरून उभे असतात. १९६१ मध्ये विद्यापीठाच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने, नव्या कॅम्पससाठी या कॉवेल रँचची सुमारे २,००० एकर जागा पक्की केली.

भट्ट्या ओलांडल्यावर इमारती दिसायला हव्यात, पण समोर येतं ते नुसतं कुरण. एप्रिलमध्ये ते हिरवंगार होतं, मधेमधे नारिंगी पॉपी फुललेल्या. रस्ता चढत जातो, मागे वळून पाहिलं की खाली माँटेरेचा उपसागर दिसतो. पाच-सात मिनिटांनी भाचीने विचारलं, "मावशी, मेन बिल्डिंग कुठंय गं?"

ती नाहीच. घड्याळाचा मनोरा नाही, कमान नाही, भव्य पायऱ्या नाहीत. १९६३ चा आराखडा वास्तुरचनाकार जॉन कार्ल वॉर्नेकी आणि उद्यानरचनाकार थॉमस चर्च यांचा. कुरणावर बांधणं सोपं आणि स्वस्त होतं. चर्च यांनी आग्रह धरला की कुरण मोकळं सोडा आणि इमारती वर, जंगलाच्या कडेला झाडांत शिरवा. इमारतीची उंची जवळच्या झाडांच्या दोन-तृतीयांशाहून जास्त नको, असाही दंडक घातला गेला. त्यामुळे खालून डोंगराकडे पाहताना आत हजारोंची वस्ती आहे याचा पत्ताच लागत नाही. घळी बुजवून सपाट मैदानं करण्याऐवजी त्यांच्यावर पूल टाकायचे, हेही तेव्हाच ठरलं. सिमेंटच्या कंपाउंडाने सुरुवात होणारी विद्यापीठं आयुष्यभर पाहिलेल्या मला हा निर्णय फार मोठ्या मनाचा वाटला.

राहण्याची कल्पना मात्र आराखड्याच्याही आधीची. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर आणि सांता क्रूझचे पहिले चान्सलर, म्हणजे कॅम्पसचे प्रमुख, डीन मॅकहेन्री हे दोघे स्टॅनफर्डमध्ये शिकताना एकत्र राहिलेले. कर स्वतः स्वार्थमोरसारख्या लहानशा कॉलेजातून आलेले, तर मॅकहेन्री लॉस एंजेलिसच्या मोठ्या सरकारी विद्यापीठातून, यूसीएलएमधून. लहान कॉलेजातली जवळीक आणि मोठ्या विद्यापीठाची ग्रंथालयं, प्रयोगशाळा एकाच ठिकाणी मिळतील का, यावर त्यांचा जुना वाद होता. सांता क्रूझ हे त्याचं उत्तर. योजना १९९० पर्यंत २७,५०० विद्यार्थ्यांची, पण एका जागी नाही. अनेक कॉलेजांत वाटलेली. प्रत्येकाला आपल्या खोल्या, आपला भोजनकक्ष, आपला चौक, प्राध्यापकांच्या खोल्याही तिथेच, आणि कॉलेजचा प्रमुख, म्हणजे प्रोव्होस्ट, त्याच आवारातल्या घरात राहणारा. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या श्रीमंत परंपरेतली ही गोष्ट सरकारी पैशावर, सामान्य घरातल्या मुलांना मिळावी हा यातला खरा धाडसी भाग.

विद्यार्थ्यांनी बंडं करू नयेत म्हणून कॅम्पस असा विखुरला, अशी एक दंतकथा इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आम्हालाही एका मुलीने ती मोठ्या खात्रीने सांगितली. पण आराखडा १९६३ चा, आणि बर्कली कॅम्पसवरची विद्यार्थ्यांची फ्री स्पीच चळवळ पेटली १९६४ च्या शेवटी. तारखाच जुळत नाहीत.

दुपारी पहिलं कॉलेज पाहिलं, कॉवेल. १९६५ च्या शरदात ६५२ विद्यार्थी आले तेव्हा याच्याच इमारती बांधून पूर्ण झाल्या नव्हत्या, म्हणून पहिलं वर्ष त्यांनी खालच्या मैदानाजवळ ट्रेलरमध्ये काढलं. विद्यापीठाची पहिली तुकडी अशी दाटीवाटीने, चिखलात राहिली आणि त्यातूनच घट्ट बांधली गेली, असं जुने विद्यार्थी सांगतात. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. आमच्या वसतिगृहात ज्या वर्षी पाण्याचे हाल झाले, त्याच वर्षीच्या मुली आजही एकमेकींच्या लग्नाकार्यात भेटतात.

कॉवेलच्या इमारती वुर्स्टर, बर्नार्डी आणि एमन्स यांच्या. पांढऱ्या गिलाव्याच्या भिंती, उतरती छपरं, आणि उपसागराकडे उघडणारा चौक. दिखावा कुठेच नाही. पहिले प्रोव्होस्ट इतिहासकार पेज स्मिथ. कॉलेजचं ब्रीद आहे 'मित्रांच्या सोबतीने सत्याचा शोध'. चौकाला बसण्याजोगी कड आहे, म्हणजे आपला कट्टाच, आणि तिथे मुलं खरोखर बसलेली होती.

जेवलो कॉवेल आणि शेजारच्या स्टीव्हन्सन कॉलेजच्या सामाईक भोजनकक्षात. पाहुण्यांना पैसे भरून आत जाता येतं. खिडकीतून थेट समुद्र. माझं लक्ष मात्र टेबलांवर होतं. लांब टेबलं असल्यामुळे एकटा आलेला मुलगाही कुणाच्या तरी शेजारी बसतो. आमच्या समोर एक मुलगा ताट घेऊन आला, बसू का म्हणून विचारलं आणि मला विचारायला लागला की मी कोणाची आजी. रेक्टर होते म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, रात्री किती वाजता दार बंद करायचात. साडेसात ऐकून त्याचा घास हातातच राहिला.

शुक्रवार

रात्री गावात मोटेलला राहिलो. सकाळी स्टीव्हन्सन, क्राउन आणि मेरिल ही ओळीने असलेली कॉलेजं पायी केली. स्टीव्हन्सन १९६६ चं, जोसेफ एशेरिक यांचं. क्राउन १९६७ चं, अर्नेस्ट कम्प यांचं. मेरिल १९६८ चं, चढणीवर, पायऱ्याच पायऱ्या. माझ्या गुडघ्यांनी मेरिल फार लक्षात ठेवलं नाही. जवळची अ‍ॅलन चॅडविक यांची बाग मात्र चुकवू नये. १९६७ मध्ये कडक मातीच्या उतारावर या माणसाने विद्यार्थ्यांना घेऊन नुसत्या कुदळ-फावड्यांनी ती उभी केली, आणि इथल्या आजच्या सेंद्रिय शेतीच्या शिक्षणाची मुळं तिथे आहेत.

या भागातून चालताना कॅम्पसचं मर्म पायांना कळतं. एका कॉलेजातून दुसऱ्यात जाताना मधे जंगल लागतं, खरं जंगल. वर उजेड, खाली गारवा, पायाखाली मऊ पालापाचोळा. वाटेवर पिवळीधम्मक, वीतभर लांब बिनशंखाची गोगलगाय दिसली, म्हणजे इथला प्रसिद्ध बनाना स्लग. प्रशासनाने सी लायन हे बोधचिन्ह ठरवलं होतं, विद्यार्थ्यांनी या गोगलगायीच्या बाजूने मत दिलं आणि १९८६ मध्ये चान्सलर रॉबर्ट सिन्शायमर यांनी ते मान्य केलं. ती वाट ओलांडेपर्यंत दोन मुली पुस्तकं छातीशी धरून थांबल्या होत्या. आम्हीही थांबलो.

पुढे मॅकहेन्री ग्रंथालय, तेही वॉर्नेकींचं. तिथून घळीवरचे पादचारी पूल. रेडवुडच्या बुंध्यांच्या मध्यावर आपण चालत असतो, खाली ओढ्याची घळ. विषयांच्या मोठ्या इमारती, प्रयोगशाळा हे सगळं मध्यभागी, आणि भोवती कॉलेजं. राहायचं कडेला आणि शिकायला मधे यायचं, अशी मांडणी.

असाच एक पूल ओलांडून क्रेस्गी कॉलेजला पोचलो. ज्याच्यासाठी मी आले होते ते हेच.

क्रेस्गीची स्थापना १९७१ ची, इमारती १९७३ च्या, वास्तुरचनाकार चार्ल्स मूर आणि विल्यम टर्नबुल. बांधण्यापूर्वी पहिले प्रोव्होस्ट, जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट एडगर यांनी विद्यार्थ्यांना घेऊन एक अभ्यासक्रमच चालवला. विषय होता, आपलं कॉलेज कसं असावं. म्हणजे राहणाऱ्यांना आधी विचारलं. वसतिगृहाची नवी इमारत बांधताना मला एकदाच विचारलं गेलं, तेही रंग कोणता द्यायचा म्हणून; तेव्हा हे वाचून मला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

त्यातून जे झालं ती एक गल्ली आहे. चौक नाही, इमारत म्हणावी असंही काही नाही. पेठेतल्या बोळासारखी चढत, वळत जाणारी एक पायवाट आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन मजली घरं. गल्लीकडची बाजू पांढरीशुभ्र, जंगलाकडची मातकट, झाडांत मिसळून जाणारी. आतल्या कोनाड्यांना, कमानींच्या आतल्या कडांना भडक रंग. सज्जे गल्लीवर उघडतात, त्यामुळे वरचा माणूस खालच्याशी बोलू शकतो. बहुतेकांना स्वयंपाकघरासह घरं, नुसत्या खोल्या नाहीत.

पण मी जिथे खिळून राहिले ती जागा म्हणजे कपडे धुण्याची खोली. मूर आणि टर्नबुल यांनी गल्लीतली मोठी दर्शनी बांधकामं सभागृहाला किंवा प्रोव्होस्टच्या कचेरीलाच दिली नाहीत. ती दिली कपडे धुण्याच्या यंत्रांना, टेलिफोनला, टपालाला. रोज लागणाऱ्या, कुणालाच टाळता न येणाऱ्या गोष्टी त्यांनी गल्लीतल्या मानाच्या जागी आणल्या. आत यंत्रं घरघरत होती. बाहेरच्या पायरीवर एक मुलगा टोपलीवर पाय टेकून पुस्तक वाचत होता. एक मुलगी आली, यंत्र मोकळं आहे का म्हणाली, त्याने न बघताच कुठलं यंत्र रिकामं होणार ते सांगितलं. ती तिथेच बसली. दहा मिनिटांनी दोघं एका प्राध्यापकाच्या परीक्षेबद्दल तावातावाने बोलत होती. ओळख आधीची नव्हती, कारण मधेच तिने त्याला नाव विचारलं.

माझ्या वसतिगृहात कॉमन रूम होती. टीव्ही कुलुपात, खुर्च्या भिंतीला लावलेल्या, आणि मुली तिथे कधीच बसायच्या नाहीत. त्या भेटायच्या कुठे? इस्त्रीच्या टेबलापाशी, वॉटर फिल्टरपाशी, गरम पाण्याच्या रांगेत. मी अनेकदा तिथली गर्दी हटवली. क्रेस्गीच्या पायरीवर बसून मला स्पष्ट कळलं की एकत्र येण्याची वेगळी खोली बांधायची गरज नसते. माणसाला ज्या कामासाठी बाहेर पडावंच लागतं त्या कामाच्या दारात बसायला जागा हवी आणि उन्हा-पावसाला आडोसा हवा. ते मी भाचीला इतक्यांदा सांगितलं की ती म्हणाली, "मावशी, आता लिहूनच काढ."

विद्यार्थ्यांनी चालवलेल्या क्रेस्गी फूड को-ऑपमधून खाऊ घेतला. सुरुवातीच्या काळात इथे विद्यार्थ्यांचे छोटे गट केले होते, त्यांना 'किन ग्रुप' म्हणत. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी या कॉलेजात शिकवलं. ते भारलेले दिवस टिकले नाहीत. पुढे क्रेस्गीचं मोठं नूतनीकरण वास्तुरचनाकार जीन गँग यांच्या स्टुडिओ गँगकडे गेलं, आणि झाडांना वळसा घालणाऱ्या नव्या निवासी इमारती आल्या. गल्लीची कल्पना त्यांनीही पायाशी धरली, हे वाचून बरं वाटलं.

बाजूचं पोर्टर कॉलेज संध्याकाळी पाहिलं. १९६९ चं, ह्यू स्टबिन्स यांचं, कलांना वाहिलेलं. काँक्रीटच्या उंच भिंती आणि मोठा चौक. क्रेस्गीनंतर मला ते कोरडं वाटलं, पण चौकात तिघं जण एक नाटक बसवत होती आणि भिंतींवरून त्यांचे आवाज छान घुमत होते.

शनिवार

सकाळी पश्चिमेच्या उतारावर ओक्स कॉलेज. १९७२ मध्ये सुरू झालं. पहिले प्रोव्होस्ट समाजशास्त्रज्ञ हर्मन ब्लेक, या कॅम्पसवरचे पहिले आफ्रिकन-अमेरिकन प्राध्यापक. ज्या घरांतून कुणी कधी विद्यापीठात गेलं नव्हतं, त्या घरांतल्या काळ्या, मेक्सिकन, आशियाई वंशाच्या मुलांना हे आपलं वाटावं, हा हेतू उघडपणे धरलेला. मी कोल्हापूरची, शाहू महाराजांनी १९०१ पासून उभी केलेली बोर्डिंगं आमच्या गावातून आजही जाता-येता दिसतात. शिक्षण द्यायचं तर आधी गावाबाहेरच्या मुलाला झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण द्यावं लागतं, हे शाहू महाराजांनी ओळखलं होतं. ओक्सच्या हिरवळीवर बसून समुद्राकडे बघताना त्यांची आठवण येणं मला अगदी स्वाभाविक वाटलं.

तिथे एका तिसऱ्या वर्षाच्या मुलीशी खूप वेळ बोललो. ती मोकळेपणाने सांगत होती. पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजचा एक मूळ अभ्यासक्रम असतो, ओक्सचा विषय विविधता आणि न्याय. तेवढ्यापुरतं कॉलेज फार जवळचं. नंतर विषय निवडला की सगळा वेळ विभागात जातो. मी विचारलं, कॉलेजातले प्राध्यापक जेवायला येतात का? ती हसून म्हणाली, फारसे नाहीत.

याचं कारण १९७९ मध्ये आहे. सुरुवातीला प्राध्यापकाची नेमणूक अर्धी कॉलेजची आणि अर्धी विषयाची असे. दोन मालकांची चाकरी लोकांना जड गेली. संशोधन विषयातल्या सहकाऱ्यांबरोबर व्हायचं, आणि ते सहकारी विखुरलेले. सिन्शायमर यांच्या काळात फेररचना झाली, प्राध्यापक विषयवार एकत्र आले आणि कॉलेजांकडे मुख्यतः राहणं, पहिल्या वर्षाचं शिक्षण आणि विद्यार्थ्यांची देखभाल उरली. गुणांऐवजी प्रत्येक विद्यार्थ्यावर प्राध्यापकाने लेखी अभिप्राय द्यायचा, ही इथली दुसरी मोठी प्रथाही नव्या शतकाच्या तोंडावर मागे पडून ग्रेड आले. विषयांची गरज मला समजते. तरीही चौक, भोजनकक्ष आणि प्रोव्होस्टचं घर बांधून त्यात शिक्षकच कमी होणं, हे मला इथलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं. मुलं मुलांकडून शिकतात ते खरं, पण जेवणाच्या टेबलावर बसलेल्या मास्तरकडून जे मिळतं ते वर्गात मिळत नाही.

मग रेचल कार्सन कॉलेज धावतं पाहिलं (२०१६ पर्यंत त्याचं नाव नुसतं कॉलेज एट होतं) आणि गाडी घेऊन पूर्वेच्या कुरणाकडे आलो. त्या वसंतात इथे एकच चर्चा होती. विद्यापीठाने सुमारे ३,००० खाटांची नवी निवासयोजना मांडली होती; मोठा भाग पश्चिमेला, आणि कुटुंबासह राहणाऱ्या विद्यार्थ्यांची घरं आणि पाळणाघर पूर्वेच्या कुरणाच्या कोपऱ्यात. चर्च यांनी जपलेल्या कुरणावर बांधू नका, म्हणून जुने विद्यार्थी आणि प्राध्यापक उभे ठाकले. पुढच्या वर्षी रीजंट्सनी मंजुरी दिली आणि प्रकरण कोर्टात गेलं.

खाटांची निकड खरी होती. सांता क्रूझ हे अमेरिकेतल्या महागड्या गावांपैकी एक. कॉलेजांतल्या बसायच्या खोल्या झोपायला दिल्या गेल्या, दोघांच्या खोलीत तिघं, आणि काही विद्यार्थी गाडीत झोपत. आमच्याकडे खोली न मिळालेली मुलगी मैत्रिणीकडे पॅरासाइट म्हणून राहते आणि रेक्टर कानाडोळा करते, मी केलाय. म्हणून मला विचाराल तर खाटा आधी. पण त्या खाटांबरोबर भोजनकक्ष, चौक, कपडे धुण्याची पायरी आणि मोजकी माणसं यायला हवीत. ३,००० खाटा नुसत्या एकावर एक रचल्या तर कुरण जातं आणि कॉलेजही होत नाही. त्या कोपऱ्यासाठी दुसरी जागा शोधायला हवी होती असं माझं मत आहे, आणि कॅम्पसवर बांधलेलं, वाहनांनी व्यापलेलं सपाट क्षेत्र पाहिल्यावर ते अशक्य वाटत नाही.

शेवटी नाइन आणि टेन ही दोन नवी कॉलेजं, २००० आणि २००२ ची, जुन्यांपेक्षा दाट आणि उंच. टेनला आता नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन आर. लुइस यांचं नाव आहे. जागा कमी, मुलं जास्त, तरी एक सामाईक भोजनकक्ष आणि मधला चौक त्यांनी सोडलेला नाही. शनिवारी दुपारी तिथे कुणाचा तरी वाढदिवस चालला होता.

कुणी जाणार असेल तर: सॅन होजेच्या डिरिडॉन स्टेशनहून हायवे १७ ची बस मिळते, गाडी नसली तरी अडत नाही. आठवड्याच्या दिवशी पार्किंगचा परवाना घ्या. पायात चांगले बूट हवेत, चढ-उतार पुष्कळ आहेत. निवासाच्या दारांना कुलपं असतात आणि ती असायलाच हवीत, पण चौक, वाटा, पूल सगळ्यांना खुले आहेत. कॉवेलला जेवायला जा. आणि क्रेस्गीला सकाळी जाऊ नका, चारनंतर जा. वर्ग सुटलेले असतात, कपड्यांच्या टोपल्या बाहेर पडलेल्या असतात आणि गल्लीत माणसं भेटतात.